खडूच्या भाराची अफू

वैद्यांनी खडूची कांडी पाटावर ठेवली, अडकित्त्यानं तिचा एक तुकडा तोडला आणि लहान काट्याच्या एका पारड्यात टाकला. दुसऱ्या पारड्यात मी रोज खात होतो तेवढी अफूची गोळी होती. खडूचं पारडं खाली गेलं. त्यांनी तुकडा फरशीवर थोडा घासला, पुन्हा टाकला, पुन्हा घासला. पारडी सारखी झाल्यावर तो माझ्या तळहातावर ठेवला. बोटाच्या पेराहूनही आखूड होता.

"उद्यापासनं ह्या खडूच्या भाराची अफू खायची," ते म्हणाले. "आणि रोज सकाळी तोलायच्या आधी ह्याच खडूनं पाटीवर श्री लिहायचं. एकदाच. खडू जेवढा झिजेल तेवढी अफू कमी. तुम्हाला कळणार नाही आणि तुमच्या सांध्यांनाही कळणार नाही."

"किती दिवस?"

"खडू संपेपर्यंत."

"म्हणजे किती?"

"ते खडूला विचारा वो. मी वैद्य आहे, जोशी नव्हे."

माझी थोरली बहीण माझ्या शेजारी बसली होती. तिनं खडूचा तुकडा माझ्या हातातून घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि गाठीवर दुसरी गाठ मारली. तो माझ्याकडे राहू द्यायचा नाही, हे तिनं तिथंच ठरवलं होतं.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि सांगलीला अक्काच्या घरी येऊन पडलो होतो. युद्ध संपलं होतं. दाजी पलटणीतून हवालदार होऊन परतले होते. माझ्यावरचं वॉरंटही उठलं होतं. आम्ही दोघं सोप्यात दोन बाजांवर समोरासमोर बसलेलो असायचो. दाजींना बसायचं नव्हतं म्हणून ते तासाभरानं उठून उसाच्या रानात जायचे. मला उठायचं असायचं, पण उठता यायचं नाही.

मी पत्रकांवर वाढलो. आमच्या घरात पुस्तक असं नव्हतं. वडील बाजाराला गेले की कुठल्या ना कुठल्या सभेचं पत्रक खिशात घालून आणायचे आणि मी ते चुलीपुढं बसून वाचायचो. त्यातली वाक्यं आखूड असायची आणि शेवटच्या ओळीत काहीतरी करायला सांगितलेलं असायचं. बरीच वर्षं माझी अशी समजूत होती की लिहिणं म्हणजे हेच: लोकांना काय करायचं ते आखूड वाक्यांत सांगणं. पुढं मी स्वतः तशी पत्रकं लिहायला लागलो, आणि बेचाळीसात त्यांच्यापायीच पोलीस माझ्या मागं लागले.

चार पावसाळे मी कृष्णाकाठच्या गावांत लपून काढले. उसाच्या फडात, ओल्या पाचटावर झोपायचं. दुसऱ्या पावसाळ्यात आधी गुडघे सुजले, मग मनगटं, मग बोटांचे सांधे. सकाळी मूठ मिटायची नाही. दवाखान्यात जाणं म्हणजे आपण होऊन चौकीत जाण्यासारखं होतं. ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या वस्तीवर मी राहत होतो तो परवान्यावर अफू खायचा. त्यानं एका सकाळी आपल्या गोळीतला मुगाएवढा तुकडा काढून मला दिला.

"घ्या. लय दुकतंय तवा हेच करायचं असतंय."

दुखणं गेलं नाही, पण लांब गेलं. शेजारच्या रानात कुणी ओरडावं तसं ऐकू येत राहिलं. त्या दिवशी मी तीन महिन्यांनी सलग दोन पानं लिहिली. पुढं मुगाची तूर झाली आणि तुरीचा हरभरा. म्हाताऱ्यानं आपली गोळी लहान केली आणि मला कधी बोलून दाखवलं नाही.

त्याच हातानं मी अफूच्या दुकानांविरुद्ध पत्रक लिहिलं. त्यातलं एक वाक्य लोकांना फार आवडलं होतं: 'मनात आणलं तर अफू सोडायला एक दिवस पुरे, ज्याला एक दिवस जड वाटतो त्यानं स्वराज्याचं नाव घेऊ नये.' मी ते म्हाताऱ्यालाही वाचून दाखवलं. त्यानं तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

"झ्याक हाय," तो म्हणाला. "आता तुमी सोडा आदी. मग मी बी बगतो."

मी त्याच्यावर चिडलो होतो हे मला आठवतं. त्याला मोठा प्रश्न समजत नाही, असं मला वाटलं.

वॉरंट उठल्यावर मी उघडपणे मिरजेच्या दवाखान्यात गेलो. टांगा तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून जात होता आणि छपरांवर वाळत घातलेले भोपळे बघून मला माझे गुडघे आठवत होते. डॉक्टरांनी पांढरी पूड दिली. तिनं कान वाजायला लागले आणि पोटात आग पडली, म्हणून ती सोडावी लागली. "आणखी काही औषध घेता का?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी "नाही" म्हणालो होतो. इतकं सरळ खोटं मी पोलिसांशीसुद्धा बोललो नव्हतो.

त्यानंतर लवकरच साताऱ्याहून माझ्या सोबत्याचं पाकीट आलं. पत्रकं मी लिहायची आणि छापून वाटायचं काम त्यानं करायचं, अशी आमची जोडी होती. आता उघडपणे दारू-अफूबंदीचं साप्ताहिक काढायचं ठरलं होतं आणि ते मी लिहावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. पाकिटात शपथेचा कागद होता. 'मी दारू व अफू यांस कधीही स्पर्श केलेला नाही व करणार नाही.' खाली बारा-पंधरा सह्या होत्या आणि सगळ्यात वर माझ्यासाठी जागा सोडली होती. सही झाल्याशिवाय अंकावर नाव येणार नव्हतं. मी तो कागद ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला. ट्रंकेतच अफूची डबी होती. अक्काला धुणं काढताना दोन्ही सापडली. कागद तिला वाचता आला नाही. डबी तिनं ओळखली.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. "चल," एवढंच म्हणाली आणि मला नदीकडच्या पेठेतल्या वैद्यांकडे घेऊन गेली. वैद्य जैन होते, सत्तरीचे. दिवस मावळायच्या आत जेवायचे, त्यामुळं दुपार कलली की रोग्यांना घालवून द्यायला लागायचे. आमवाताला त्यांनी सुंठीच्या काढ्यात एरंडेल दिलं आणि तापलेल्या वाळूच्या पोटलीनं शेकायला सांगितलं. अफू तेच द्यायचे, आठवड्याची आठवड्याला, आणि ती अक्काच्या हातात.

मग रोजचं सुरू झालं. सकाळी अक्का पदराची गाठ सोडायची, मी भिंतीला टेकून पाटी मांडीवर घ्यायचो आणि श्री लिहायचो. सकाळी बोटं सगळ्यात वाईट असायची, त्यामुळं ते श्री म्हाताऱ्या कोंबडीच्या पायासारखं उमटायचं. मग अक्का काटा धरायची. अफू चिकट, ती पारड्याला चिकटू नये म्हणून तिनं कागदाचे दोन सारखे तुकडे कापून पारड्यांत घातले होते. घरात दुसरा कागद नव्हता. माझ्याच पत्रकांच्या गठ्ठ्यातला होता.

"कुठलं पत्रक कापलंस?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"मला काय ठावं? सगळी सारखीच दिसत्यात."

दाजी बाजेवरून म्हणाले, "बरं झालं. पुढाऱ्याच्या कागदाचा कायतरी उपेग झाला."

दाजी मला पुढारी म्हणायचे. आपल्या पलटणीत एक शिपाई अफूवर होता आणि सायबानं त्याची अफू एका दिवसात 'क्लोज' करून दाखवली, अशी गोष्ट ते सांगायचे. त्या शिपायाचं पुढं काय झालं असं मी विचारलं की ते म्हणायचे, "त्यो मेला. पर अफूनं न्हाई."

पहिला महिना खरोखरच काही कळलं नाही. फक्त सकाळ जराशी लांबली. एक सांधा उघडायचा तर दुसरा अडायचा. मी बाजेवर पडून छपराच्या वाशांकडे बघायचो आणि मनात साप्ताहिकाचे मथळे जुळवायचो. एक महिना गेला तरी खडू जवळजवळ तसाच दिसत होता. हे मला सहन होईना. मला शिक्षा झाली असती तर चाललं असतं. दिवसाला एक श्री ही गोष्ट मला अपमानाची वाटायची. निर्धार नावाची जी वस्तू मी इतकी वर्षं लोकांना वाटत होतो तिचं इथं काही कामच नव्हतं.

आषाढाच्या सुमाराला सोबती सांगलीला आला. सकाळची गोळी पोटात गेलेली होती, त्यामुळं मी उठून बसलो होतो आणि चांगला दिसत होतो. अक्का नदीवर गेली होती. त्या दिवशी खडू तिनं तोलून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला होता. घाईत गाठ मारायची राहिली होती.

"उद्या घाटावर सभा आहे, अफूबंदीची," सोबती म्हणाला. "चौकातल्या फळ्यावर बातमी लिहायचीय. तुझं अक्षर हवं. येतोस का टांग्यातून?"

मी हो म्हणालो. तीन वर्षांत मला कुणी असं बोलावलं नव्हतं.

"खडू आहे का रे घरात? इथली दुकानं अजून उघडली नाहीत."

मला दोन उत्तरं देता आली असती. 'नाही' म्हणता आलं असतं. किंवा 'आहे, पण तो माझ्या अफूचा भार आहे' असं सांगता आलं असतं. मी देव्हाऱ्याकडे हात केला.

चौकात त्यानं मला धरून उभं केलं. फळा मोठा होता, ओल्या फडक्यानं पुसलेला. मी वर सभेची वेळ लिहिली, जागा लिहिली आणि खाली जागा उरली म्हणून माझं ते वाक्य लिहिलं. एक दिवस पुरे. ठळक दिसावं म्हणून अक्षरं दोनदा गिरवली. चार माणसं थांबून वाचू लागली. बोटं दुखत नव्हती. किंवा दुखत असतील, मला कळत नव्हतं. खडूचा पांढरा भुगा मनगटावर सांडत होता आणि मला वाटत होतं की हेच बरोबर आहे, असंच झिजायला पाहिजे, झर्रकन.

"अक्षर गेलं नाही तुझं," सोबती म्हणाला. "आता तेवढी सही करून पाठव."

परत आलो तेव्हा खडू निम्म्याहून कमी उरला होता. मी तो जागेवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी अक्कानं तो उचलला आणि उजेडाकडे धरला.

"आज हा उंदरानं खाल्ला काय?"

"झिजतोय."

"एका दिसात?"

"अक्का, तोल तू. खडूच्या भाराची द्यायची असं वैद्यांनी सांगितलंय ना?"

तिनं पाटी माझ्या मांडीवर ठेवली, मी श्री लिहिलं. मग तिनं तोललं. वैद्यांनी तिला जे सांगितलं होतं त्यात खडू खोटं बोलू शकतो असं काही नव्हतं. मी निम्मी गोळी गिळली आणि सभेला जायच्या तयारीनं धुतलेला सदरा अंगात घातला.

सभेला मी गेलो नाही. दुपारी जांभया सुरू झाल्या, एकीतून दुसरी. नाकाडोळ्यांतून पाणी. अंगावर शहारे येऊन पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी कातडी झाली. दुसऱ्या दिवशी पोट सुटलं, पोटऱ्यांत गोळे यायला लागले, आणि तिसऱ्या दिवशी, इतके दिवस शेजारच्या रानात ओरडणारं दुखणं एकदम घरात आलं. गुडघ्यांवर धोतराचा काठही सोसवत नव्हता. तांब्या उचलता येईना. अक्का वाटीनं पाणी पाजायची. दाजी मला पाठीवर घेऊन परसात न्यायचे आणि आणायचे. या तीन दिवसांत त्यांनी मला एकदाही पुढारी म्हटलं नाही. त्यावरून मला माझी अवस्था कळली.

"वैद्यांना बोलवते," अक्का म्हणाली.

"नको. उद्या उतरंल."

"खडूचं काय केलंस ते सांग."

मी भिंतीकडे तोंड केलं.

ती गेली आणि वैद्यांना घेऊन आली. ते माझ्या उशाशी बसले, नाडी बघितली, गुडघा बघितला. मग अक्कानं पदराची गाठ सोडून खडू त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तर्जनीवर फिरवला.

"काय लिहिलंत?"

मी सांगितलं. सगळं वाक्य सांगायला लागलं, मध्ये दोनदा थांबून. अक्का दारात उभी होती. दाजीही होते.

"वाक्य बरं आहे," वैद्य म्हणाले. "पण तुम्ही ते तुमच्या औषधानं लिहिलंत."

त्यांनी खडू पुन्हा अक्काच्या हातावर ठेवला.

"आमच्या लोकांत कुणी म्हातारा ठरवतो, आता पुरे, अन्न सोडायचं. व्रत असतं तसं. तोही एकदम ताट सारत नाही वो. आज एक घास कमी, उद्या आणखी एक. मरायलासुद्धा आमच्यात घाई चालत नाही. आणि तुम्ही जगायचं म्हणताय."

त्यांनी पिशवीतून नवी कांडी काढली आणि तुकडा तोडला. तो पहिल्या दिवशीच्या खडूपेक्षा थोडासा लहान होता, पण थोडासाच. माझे दोन महिने त्या थोडक्यात मावले.

"पुन्हा पहिल्यापासनं?" मी विचारलं.

"पहिल्यापासनं नव्हे. पहिल्याच्या जवळपासनं."

ते गेल्यावर अक्का माझ्या बाजेपाशी आली. "मी तोलून दिली तुला," ती म्हणाली. "माज्या हातानं. मला ठावं असतं तर दिली असती व्हय मी?" एवढं बोलून ती चुलीकडे गेली. पत्रकात मी अफूच्या दुकानदाराला बरंच काही म्हटलं होतं. त्यातलं एकही वाक्य मला त्या दिवशी अक्काच्या पाठीइतकं लागलं नाही.

दुसऱ्या वेळचं सांगण्यासारखं फारसं नाही. पहिल्या वेळी निदान चीड होती. आता तीही उरली नव्हती. श्री, काटा, गोळी, एरंडेल, वाळू. पुन्हा श्री. कमी होतंय हे खडूवरून नाही, शरीरावरून कळायचं: आठ-दहा दिवस बरे जायचे, मग एखादा सांधा पेटायचा आणि आठवडाभर ठणकत राहायचा. पेटला की वैद्य म्हणायचे, "चार दिवस श्री लिहू नका." चार दिवस खडू तसाच, अफू तशीच. मग पुन्हा उतरायचं. जिना उतरताना मध्येच पायरीवर बसून राहावं तसं. पण बसायची परवानगी होती, हे मला नवं होतं.

श्रावणात हवा ओली झाली. एका सकाळी खडूनं पारडं नेहमीपेक्षा खाली नेलं. अक्कानं तो दोन बोटांत चिमटून बघितला. "वल धरलीय यानं," असं म्हणून तिनं तो चुलीच्या वैलावर वाळत ठेवला आणि वाळल्यावर पुन्हा तोलला. तेव्हापासून खडू रोज वैलावर जायचा. त्यानं माझ्या डोक्यात एक गोष्ट घातली. सांगायला लाज वाटते. एकदा गुडघा पेटलेला असताना अक्का गोठ्याकडे गेली आणि मी वैलावरचा खडू घेऊन तांब्यात बुडवला. पुसून परत ठेवला. अक्का आली, तिनं खडू उचलला आणि हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल. तिनं काटा बाजूला ठेवला, चुलीत दोन काटक्या सारल्या आणि खडू पुन्हा वैलावर ठेवून भाकरी थापायला बसली. चार भाकरी झाल्या तरी तिनं तोललं नाही. मी बघत बसलो. पाचव्या भाकरीला म्हणाली, "आता वाळला आसंल."

त्या दिवशीचं श्री मी नीट काढलं.

नागपंचमीला दाजी शिराळ्याला जाऊन आले. मला तिथली हकीकत सांगता सांगता म्हणाले, "त्या लोकांचं एक बरं हाय गड्या. नाग धरत्यात, मडक्यात ठेवत्यात, पुजत्यात आन् परत जितला तितं रानात सोडत्यात. मारत न्हाईत, का पाळत बी न्हाईत."

"मग?"

"मग काय न्हाई. सोडायला बी धरल्यावानीच हळू हात लागतोय, एवढंच."

दाजींना मी काय म्हणून इतके दिवस नुसता पलटणीतला माणूस समजत होतो कोण जाणे.

दिवाळी गेली. उसाला तोड लागली. खडू तुरीएवढा झाला, मग मुगाएवढा. ज्या आकारांनी मी वर चढलो होतो त्याच आकारांनी खाली येत होतो. आता अडचण वेगळी झाली: एवढा बारीक खडू माझ्या सुजलेल्या बोटांत धरता येईना. तो निसटायचा आणि अक्का जमिनीवर ओणवी होऊन शोधायची. शेवटी तिनं तो माझ्या तर्जनीच्या टोकाखाली दाबून धरला, आणि तिचं बोट, माझं बोट आणि मध्ये खडू, असं आम्ही दोघांनी मिळून श्री लिहिलं. तिला लिहिता येत नव्हतं. हे एक अक्षर तिला त्या महिन्यात आलं.

संक्रांतीच्या पुढं-मागं एका सकाळी तिनं काटा उचलला. एका पारड्यात खडूचा कण, दुसऱ्यात काही नाही. पारडी हललीच नाहीत. तिनं काट्याला टिचकी मारून बघितलं. फुंकर मारली. कण पारड्यातून उडाला.

"आता काय तोलू?" ती म्हणाली.

मला आनंद होईल असं मी धरून चाललो होतो. झाला नाही. फार लांबून चालत आल्यावर घरात कुणी 'बसा' म्हणालं तर माणूस बसतो, तसा मी बसून राहिलो. आमवात गेला नव्हता. उजवं मनगट थोडं वाकडं झालं होतं ते तसंच राहिलं. सकाळी मूठ अजून मिटत नव्हती. फक्त आता जे दुखत होतं ते माझं होतं आणि जवळ होतं. वैद्य म्हणाले, "दुखणं राहील. कधी कमी, कधी जास्त. त्याच्याशी बोलत जा, पण मधे दलाल घालू नका."

महिनाभरानं मी साताऱ्याला गेलो. सातारारोडला उतरून मोटार आणि पुढं किल्ल्याच्या पायथ्याला सोबत्याची खोली, वरच्या मजल्यावर. जिना मी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत चढलो. खोलीत पहिल्या अंकाचे कागद पसरलेले होते. पहिल्या पानावर चौकटीत माझं वाक्य होतं. एक दिवस पुरे.

"आलास!" सोबती म्हणाला. "कागद आणलास ना?"

मी शपथेचा कागद काढला. इतके दिवस ट्रंकेत राहून तो घडीवर पिवळा पडला होता. मी दौत जवळ ओढली. सही करायला आता माझी काही हरकत नव्हती, असं मला गाडीत वाटत होतं. मी अफू खात नव्हतो. पण कागद 'खात नाही' असं म्हणत नव्हता. 'कधीही स्पर्श केलेला नाही' असं म्हणत होता. मला मिरजेचे डॉक्टर आठवले.

मी सही केली. मग तिच्यापुढं, वाकड्या मनगटानं सावकाश, लिहिलं: 'स्पर्श केला होता. साडेतीन वर्षं खाल्ली. सोडायला उन्हाळ्यापासून संक्रांत लागली, आणि मध्ये एकदा बुडालो. एक दिवस पुरत नाही.'

सोबत्यानं वाचलं. एकदा माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं.

"तो फळा लिहिलास तेव्हा...?"

"तेव्हाही."

त्यानं दौतीला बूच लावलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्याशी मी तीन वर्षं खोटं बोललो होतो आणि तो हिशोब त्यानं मांडला नाही.

"हे छापता यायचं नाही," शेवटी तो म्हणाला. "दुकानदार उद्या हेच घेऊन नाचतील. आणि लोकांना काय सांगायचं? सहा-आठ महिने लागतात? पत्रक वाचून कोण सहा महिने थांबतो?"

"माहीत नाही."

"मग निदान हे वाक्य तरी राहू दे. लोकांना पाठ आहे ते."

"वाक्य माझं आहे," मी म्हणालो. "ते काढ. मग माझं नाव टाक किंवा टाकू नको."

त्यानं चौकटीवर बोट ठेवलं आणि तसाच बसला. मी त्याच्या उत्तराची वाट बघितली नाही. बसून बसून गुडघा आखडत होता आणि आणखी थांबलो असतो तर जिना उतरता आला नसता.

साप्ताहिक माझ्या नावाशिवाय निघालं. वाक्याची चौकट मात्र पहिल्या अंकात कोरी होती. तिथं काहीच छापलेलं नव्हतं. तेवढं त्यानं केलं.

म्हाताऱ्याच्या वस्तीवर जायचं राहिलंय. 'तुमी सोडा आदी' असं तो म्हणाला होता, त्याला जाऊन सांगायला पाहिजे. मोटारीच्या थांब्यापासून वस्ती दोन कोस आहे, बांधाबांधानं. खडूची एक कांडी पिशवीत घालून ठेवली आहे. या आठवड्यात गुडघा पेटलाय. उतरला की जाईन.